बोर्डबाईनं जोडून दिलेला मिस्त्री

बोर्डबाईनं बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि दिवसभर भोकांत वायरी खोचून याचा फोन त्याला जोडून द्यायचा. बोर्ड भंगारात गेला, बाई निवृत्त झाली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तिची भाची तिच्याकडेच राहायची आणि एका प्रसिद्धी कचेरीचं काम घरातून करायची. म्हणजे काय, तर गिऱ्हाईक कंपन्यांची नावं वर्तमानपत्रात आणायची. त्यासाठी एक वेबसाइट होती. तिथे पत्रकार लिहीत, अमुक विषयावर बोलणारं माणूस हवंय, इतक्या वाजेपर्यंत. प्रश्न आला की भाचीसारखे शंभर जण आपापला माणूस पुढे ढकलत. तीन महिन्यांत तिच्या एकाही उत्तराला कुणी भीक घातली नव्हती. साहेबांनी बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत एका तरी पत्रकाराचा फोन येऊ दे, नाहीतर दुसरीकडे बघ.

शुक्रवारी साडेअकराला प्रश्न आला. 'जुन्या इमारतींतल्या लिफ्ट मध्येच का अडकतात? माहीतगार हवा. चार वाजेपर्यंत.'

लिफ्ट बनवणारी कंपनी भाचीचीच गिऱ्हाईक. संचालकांचं तयार वाक्य तिनं लगेच चिकटवलं.

"वाच बघू," पलंगावर चादरींच्या घड्या घालत बोर्डबाई म्हणाली.

"सुरक्षितता हा आमच्या कंपनीचा श्वास आहे."

"त्यानं श्वास विचारलाय का?"

"मावशी, असंच लिहितात गं."

"म्हणून तर तीन महिने कुत्रं विचारत नाही. कुणी डॉक्टर मागितला आणि मी औषधविक्या जोडून दिला असता, तर बत्तीस दिवस तरी टिकले असते का?"

"मग चार तासांत डॉक्टर आणू कुठून?"

बोर्डबाईनं चादर बाजूला ठेवली, डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं हवेतच कुठेतरी काहीतरी खोचू लागली.

"मोठ्या इस्पितळात एक लिफ्ट-मिस्त्री होता. बिघडलेली लिफ्ट सुरू झाली की घरी फोन लावायचा, जेवायला येतोय, पानं घ्या म्हणून. घरी फोन कुठला, खालच्या शिंप्याकडे. बावीस सत्तेचाळीस. नंतर पुढे चार लागला, मग त्याच्याही पुढे दोन."

"म्हणजे तू लोकांचं बोलणं ऐकायचीस?"

"जोडला गेला का ते ऐकावंच लागतं. बाकीचं आपोआप शिरतं."

भाचीनं आकडे दाबले ते केवळ वाद नको म्हणून. घंटा वाजली. शिंप्याच्या मुलानं उचलला. मिस्त्रीकाका ना, आता लेकीकडे असतात, घ्या नंबर.

तो फोन बोर्डबाईनं स्वतः घेतला. "मी एक्सचेंजमधून बोलत होते पूर्वी," एवढंच ती म्हणाली.

पलीकडून मिस्त्रीनं विचारलं, "बावीस सत्तेचाळीसवाल्या बाई का तुम्ही? आवाज तोच आहे की."

दोघांनी एकमेकांचं तोंड जन्मात पाहिलं नव्हतं. भाचीनं फोन स्पीकरवर टाकला आणि पत्रकाराचा प्रश्न वाचून दाखवला.

मिस्त्री बोलत गेला, ती टाइप करत गेली. "जुन्या लिफ्टला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. दाराच्या स्विचात धूळ भरते. तिला वाटतं दार उघडं राहिलं, म्हणून ती उभी राहते. शहाणी असते ती. वेडी आत उभी असलेली माणसं, दार ओढायला जातात. दाराला हात लावू नका, घंटा दाबा आणि गप उभे राहा, एवढं छापा म्हणावं."

भाचीनं संचालकांचा श्वास पुसून टाकला, मिस्त्रीचे शब्द आणि नंबर पाठवला. चारला दहा कमी असताना फोन वाजला. पत्रकारच होता. मिस्त्रीशी अर्धा तास बोललो म्हणाला. "हा माणूस तुम्हाला मिळाला कुठे?"

रविवारी मिस्त्रीचा फोटो छापून आला. सोमवारी साहेबांनी विचारलं, "आणि कंपनीचं नाव?"

"नाहीये," भाची म्हणाली. "पण त्या पत्रकारानं आज वेबसाइटवर टाकायच्या आधी मलाच फोन केला. पाण्याच्या जुन्या टाक्या धुणारं कुणी हवंय त्याला."

साहेबांनी पत्रकाराचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "महिनाभर बघू."

भाचीनं फोन ठेवला आणि मागे वळली. बोर्डबाईनं डोळे कधीच मिटले होते, बोटं हवेत काहीतरी खोचत होती.

"मावशी, डोक्यात आहेत तरी किती नंबर?"

"मोजले नाहीत. कुणी मागितले की येतात. बोलू नकोस मध्ये."