पखुर्डीचा नर आणि बिराचा झिरा

चौदा सालची मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमची कंपनी धुळ्याजवळ कॅम्पला होती. मी नाईक होतो. दंडावर दोन फिती आणि तोंडात बढाया, एवढा माझा तेव्हाचा सरंजाम. फिती पलटणीने दिल्या होत्या. बढाया घरच्या होत्या.

पहाटे साडेचारला बिगूल. सव्वापाचला फॉल इन. आठपर्यंत परेड, मग रायफल साफ करणे. रविवारी कॅप्टन साहेब बंदूक घेऊन माळावर जात आणि मला बरोबर नेत. कारण पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगून टाकले होते की भडगावपासून धुळ्यापर्यंतचे एकेक पाखरू मला नावानिशी ओळखते.

साहेबांना पखुर्डीचे वेड होते. ते तिला सँडग्राउस म्हणत. पखुर्डी तितराएवढी, उडते कबुतरासारखी, राहते उघड्या माळावर आणि दिवस दोन-तीन भाले वर आला की थव्याने पाण्यावर येते. साहेब अर्ध्या पाखरांची मेससाठी रवानगी करत. उरलेल्यांची कातडी सोलून, कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवत. चिठ्ठीवर नर की मादी ते लिहायचे. ते सांगण्याचे काम माझे.

नर सोपा. अंग वाळूसारखे साधे, छातीवर एक काळी बारीक रेघ, पोट काळपट तांबूस. मादीच्या अंगावर मात्र छापील फडकीसारखे ठिपके आणि रेघा. दिवसा अंड्यांवर ती बसते, म्हणून देवाने तिला ढेकळांची नक्कल दिली. दोघांच्याही शेपटीला सुईसारखी दोन लांब पिसे. इतके सगळे मी बरोबर सांगितले.

मग एकदा संध्याकाळी साहेबांनी एक वेगळाच नर पाडला. कपाळावर काळे-पांढरे पट्टे, छातीवर तीन रंगांच्या पट्ट्या, शेपटीला सुया नाहीत. मी क्षणभर गोंधळलो. पण नाईक गोंधळला हे साहेबाला कळता कामा नये. मी म्हणालो, "साहेब, हा म्हातारा नर. वय झाले की असा रंग चढतो."

साहेबांनी आठ दिवसांनी पुस्तक उघडून दाखवले. ती वेगळी जातच होती, रंगीत पखुर्डी. ते म्हणाले, "नाईक, तुझ्या गावात म्हातारे असेच नटतात काय?"

सगळ्या कंपनीला हे कळले. पुढे महिनाभर कुणी दाढी केली की, "म्हातारा नर झालास का रे?" असे विचारत. यात महादू पैलवान पुढे असे. तो अमळनेरकडचा, सहा फुटी, पलटणीच्या आखाड्यात कुणाला न हरलेला. त्याच्या हसण्याने तंबूचे खुंटे हलत.

त्याच सुमारास साहेबांना आणखी एक गोष्ट दिसली. नराच्या पोटाची पिसे कुरळी होती, लोकरीसारखी. पाण्याचा थेंब टाकला की टीपकागदासारखा शोषून घेत. मादीची तशी नव्हती. साहेबांनी कारण विचारले. मी ताबडतोब दिले. "जमीन तापते साहेब, पोट भाजू नये म्हणून."

शेजारी बिरा ठेलारी पाखरे सोलत बसला होता. शिपाई, साक्रीकडचा मेंढपाळ. चार महिने पावसाचे सोडले तर त्याचे सगळे आयुष्य मेंढ्यांमागे माळावर गेलेले. तो खाली मान घालून म्हणाला, "नाईक, नर पिल्लासले पानी लई जास. पोटना पिसासमा."

"पाखरू शे का भिस्ती?" मी म्हणालो. साहेब हसले, महादू हसला, मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. बिरा पुढचे पाखरू सोलू लागला.

मे महिन्यात हुकूम आला. धुळ्याहून गिरणा नदीपर्यंत तीन दिवसांचा रूट मार्च. तिसऱ्या दिवसाची वाट माझ्या गावाकडच्या माळावरून जात होती. आदल्या दिवशी साहेबांनी नकाशा पसरला आणि पाण्याचे विचारले. मी एका नाल्यावर बोट ठेवले.

"इथे डोह आहे साहेब. कधी आटत नाही. मी तिथे शेकड्याने पखुर्ड्या मारल्या आहेत."

"खात्री?"

"शंभर टक्के, साहेब."

पखाली लादलेली खेचरे त्या भरवशावर लांबच्या पण सोप्या रस्त्याने पुढच्या मुक्कामी पाठवली गेली. आम्ही पहाटे चारला निघालो. सव्वानऊला डोहावर पोहोचलो.

डोहात भेगा पडल्या होत्या. एका भेगेत माझी मूठ जात होती.

तेव्हा मला आठवले की मी तिथे शिकार केली ती सगळी दिवाळीनंतरची. उन्हाळ्यात मी तिकडे कधी फिरकलोच नव्हतो. उन्हाळ्यात मी घरी आंबे खात असे.

बहुतेकांच्या बाटल्या रिकाम्या होत्या. उरलेल्यांत घोट-दोन घोट. जवळच्या गावची विहीर सहा मैल. साडेनऊला महादू पैलवान रांगेतच बसला, मग आडवा झाला. अंग तव्यासारखे आणि घाम एकदम बंद. कंपनीतले शेवटचे घोट त्याच्या तोंडात घातले. तो डोळे उघडेना. सुभेदारांनी नाडी पाहिली आणि साहेबांकडे बघून मान हलवली.

तेवढ्यात डोक्यावरून पखुर्ड्या गेल्या. चार, मग सहा. सगळ्या मावळतीकडे.

मी ओरडलो, "साहेब, पाणी मावळतीला! या वेळेला पखुर्डी पाण्यावरच जाते!"

"सेक्शन घे. डबल मार्च."

मी पंधरा जणांना घेऊन निघालो. शंभर पावले गेलो असू, बिराने मागून माझा पट्टा धरला. शिपायाने नाईकाचा पट्टा धरणे म्हणजे कोठडी. पण त्याने सोडला नाही.

"नाईक, पाखरे पानी पीसन परत जाई राहिनात."

"तुले कसं माहीत?"

त्याने बोट दाखवले. चाळीस पावलांवर एक नर उतरला होता. तो ताठ उभा राहिला, पोटाची पिसे फुलवली. आणि ढेकळांतून तीन पिल्ले पळत आली. सुपारीएवढी, मातीच्याच रंगाची. ती पोटाखाली शिरून एकेक पीस चोचीत धरून ओढू लागली.

"तो देख. पोट ओलं शे. पानी दूर नही. तो उगवतीकडथून उना."

मी इतकी वर्षे पखुर्ड्या मारत होतो. हे कधी पाहिले नव्हते. दबा धरून बसायचे, थवा पाण्यावर आला की बार टाकायचा, उरलेली पाखरे उधळायची. पाणी पिऊन शांतपणे घरी जाणारी पखुर्डी बंदूकवाल्याला दिसणार कुठून?

"मी मेंढ्या लईसन पानीवर बसू," बिरा म्हणाला. "मनाजोडे बंदूक नव्हती."

मी साहेबांकडे पाहिले. ते अजून मावळतीकडे हात करून उभे होते. मी जोरात म्हणालो, "साहेब, नाईक चुकला. पाणी उगवतीला." आयुष्यात हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा उच्चारले. घरच्यांच्या मते, शेवटचेही.

"अबाउट टर्न," साहेब म्हणाले.

पाऊण मैलावर नाला वळत होता. काळ्या खडकाखाली झिरा होता. पाणी तळहाताएवढे खोल. काठावर पखुर्ड्यांच्या पायांचे शेकडो ठसे. बाटली आडवी केली तरी बुडेना. आम्ही हातांनी वाळू उपसू लागलो. खड्डा भरायला वेळ लागणार होता आणि महादूकडे वेळ नव्हता.

बिराने डोक्यावरचा साफा सोडला, पाण्यात दाबला, अंगातला सदरा काढून तोही भिजवला. दोन्ही पोटाशी धरून तो पळत सुटला. मी बघत राहिलो. मग माझाही साफा सोडला.

महादूच्या तोंडात साफा पिळला. ओला सदरा छातीवर टाकला. असे बाराजण आलटून पालटून धावत होते. दहा वाजून चाळीस मिनिटांनी महादूने डोळे उघडले. पहिला शब्द शिवी होती. ती मलाच होती. मी ती आनंदाने घेतली.

संध्याकाळी मुक्कामी साहेबांनी मला बोलावले. मी फिती उतरवायच्या तयारीने गेलो.

"फिती राहू दे," ते म्हणाले. "चूक वेळेवर बोललास. पण यापुढे पाण्याचे बिराला विचारायचे." मग त्यांनी पेटी उघडली आणि नराच्या चिठ्ठीवर काहीतरी बारीक अक्षरात लिहिले.

त्या पावसाळ्यात लढाई सुरू झाली. पुढे आम्हाला इराकला नेले. तिथेही माळ होता आणि पखुर्ड्या होत्या, आपल्याकडच्यापेक्षा मोठे थवे. बिरा त्यांच्याकडे बघून फक्त हसायचा.

एका हल्ल्यात आमची रांग नदीपासून तीनशे यार्डांवर अडकली. माझ्या मांडीत गोळी होती. महादूच्या खांद्यात. आम्ही एका कोरड्या पाटात पडून होतो. सकाळचे दहा वाजले होते. स्ट्रेचरवाले येऊ शकत नव्हते. महादू पाणी मागत होता.

मी बिराला म्हणालो, "बाटल्या घेऊन जा."

"बाटली भराले येळ लागस," तो म्हणाला. "साफा बुडवाले नही लागस."

तो सरपटत गेला आणि आला. दुसऱ्यांदा गेला आणि आला. तिसऱ्यांदा परतताना गोळी लागली. तरी तो पाटापर्यंत पोहोचला. साफा पोटाशी घट्ट धरलेला होता. मी तो पिळला. महादू प्यायला, मीही प्यायलो. तिसरा वाटा बिराचा होता. तो घ्यायला बिरा उरला नव्हता.

दुपारी अडीचला मदत आली.

महादू आता अमळनेरला आहे. आखाडा चालवतो, माझ्या बढाया खोडून काढायला वर्षातून एकदा येतो. मी अजून बंदूक बाळगतो. मे महिन्यात त्या झिऱ्यावर जातो आणि खडकाला टेकून बसतो. थवे येतात, पितात, जातात. नर पाण्यात पोट टेकून हलतो, पिसे भिजवतो आणि निघतो. शेवटचा नर कोणत्या बाजूला गेला ते बघूनच मी उठतो. रिकाम्या हाताने घरी येतो. पुतणे म्हणतात, "आबाना नेम गया." मी नाही म्हणत नाही.

बिरा ठेलारीच्या नावाचा दगड कुठे आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण आमच्या पंचक्रोशीत कुणालाही विचारा, तो झिरा 'बिराचा झिरा' म्हणूनच सांगतील. ते नाव मीच गावोगाव, पारापारावर, लग्नाकार्यात सांगून सांगून पसरवले. बडबडीची सवय जन्मात एवढ्या एका कामाला आली.