निजेवाडीचे साडू

जगाच्या पाठीवर कुठेही थंडी पडो, आमच्या साडूंनी मान्यता दिल्याशिवाय तिला थंडी म्हणायची सोय नव्हती. डिसेंबरात सगळं कोल्हापूर कानटोप्या घालून शेकोटीभोवती जमलेलं असायचं आणि आमचे साडू गडमुडशिंगीच्या आपल्या घरात, बिनबाह्यांच्या बनियनवर, डोक्यावर पंखा सोडून पेपर वाचत बसलेले असायचे. मी स्वेटर घालून गेलो की ते चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायचे. एखाद्या पैलवानानं तालमीच्या दारात छत्री घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं तसं ते बघणं असायचं. "पावणं," ते म्हणायचे, "ह्येला थंडी म्हणत न्हाईत. ह्यो वसंत हाय." हे सांगताना त्यांचं स्वतःचं नाक सर्दीनं लाल झालेलं असायचं, पण ती सर्दी साखर कारखान्याच्या ट्रकांनी उडवलेल्या धुळीची, असा त्यांचा खुलासा तयार असे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उद्यमनगरातल्या एका पंपाच्या कारखान्यात फिटर. नव्वदनंतरच्या त्या धामधुमीत मुंबईच्या कुठल्याशा व्यापारी कंपनीनं रशियात पंप विकले आणि ते बसवायला, चालू ठेवायला इथून माणसं नेली. त्यांत हे निघाले. सायबेरियाच्या उत्तरेला, ओब नावाच्या अफाट नदीच्या काठी, तेलाच्या विहिरींचं एक शहर आहे, निझ्नेवार्तोव्स्क. हे नाव आमच्या आजऱ्याच्या सासूबाईंनी एकदाच म्हणायचा प्रयत्न केला, मग पाणी प्यायल्या आणि त्याचं 'निजेवाडी' करून टाकलं. "थोरला जावई निजेवाडीला हाय," असं त्या काजू सोलणाऱ्या बायकांना सांगायच्या. बायकांना वाटायचं, निपाणीच्या पलीकडं, रायबागच्या बाजूला असेल. एकीनं तर विचारलं होतं, मग दर शनिवारी येत का नाहीत. तेलाचं गाव म्हटल्यावर शेजारच्या घाणेवाल्यानंही मोठ्या आस्थेनं चौकशी केली होती, की तिथं शेंगतेल काढतात का करडी.

काही हिवाळे तिथं काढून साडू परत आले. म्हणजे पेटी आली, बूट आले, साडूही आले; पण बोलणं मात्र तिकडेच राहिलं. निजेवाडीचा इतिहास ते पोवाड्याच्या थाटात सांगत, आणि त्याला स्थळकाळाचं बंधन नसे. हातकणंगल्याला एका लग्नात अक्षता पडायला उशीर होता, तेवढ्यात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामांना धरलं. पहिल्यांदा निजेवाडीत काहीच नव्हतं. नदी, रान आणि दलदल. आगबोटी यायच्या, जळणाची लाकडं भरून घ्यायच्या आणि पुढं जायच्या. आपला आडरानातला एसटीचा थांबा असतो तसं गाव, चार लाकडी घरांचं. रेनडिअर पाळणारी जुनी माणसं होती, "पर त्यांस्नी कोण इचारतंय." मग कुणीतरी शोध लावला की तिथल्या एका तळ्याखाली तेल आहे, तेही असं तसं नाही, समुद्रासारखं. उन्हाळ्यात यंत्रं चिखलात बुडायची, म्हणून ती हिवाळ्यात, सगळं गोठल्यावर, बर्फावरून ओढत न्यायची. तळ्यात वाळू ओतून बेटं केली, बेटांवर विहिरी पाडल्या. माणसं आधी चाकांच्या डब्यांत राहिली, मग त्याच दलदलीवर वाळू पसरून नऊनऊ मजली इमारती उठल्या. इथपर्यंत आल्यावर मामा अक्षता टाकायला गेले ते परत आले नाहीत. ते पंगतीत दुसऱ्या टोकाला बसलेले दिसले. साडूंनी उरलेला इतिहास आचाऱ्याला सांगितला.

रंकाळ्यावर तर त्यांना घेऊन जायची मला धास्तीच वाटे. कठड्यावर हात ठेवून ते पाण्याकडे असं बघायचे, की शेजारच्या माणसाला वाटावं, यांचं काहीतरी आत पडलंय. "खाली तेल असंल तर ह्या संध्यामठापातूर वाळू टाकावी लागंल," असं ते एकदा मोठ्यानं म्हणाले. भेळवाल्यानं ते ऐकलं आणि आपल्या गाडीचं काय होणार, याची माझ्याकडे गंभीरपणे विचारणा केली.

घरातही त्यांनी निजेवाडी बांधायला काढली होती. तिथल्या घरांना म्हणे एकाआड एक दोन दारं असतात. पहिल्या दारातून आत यायचं, ते लावायचं, मग दुसरं उघडायचं, म्हणजे थंडी मधल्या जागेत अडकते. साडूंनी सुताराकडून आपल्याही घराला दुसरं दार बसवून घेतलं. थंडी काही त्यात अडकली नाही. एकदा म्हशीचं रेडकू अडकलं, आणि त्याला बाहेर काढेपर्यंत अर्धी गल्ली जमली. दोन दुभत्या म्हशी दारात असताना हा माणूस कोरा चहा प्यायचा, आणि साखरेऐवजी त्यात चमचाभर जाम घालायचा. गावात त्याची चर्चा हलक्या आवाजात व्हायची, एखाद्याच्या घरातल्या दुखण्याची व्हावी तशी. तिथं हिवाळ्यात दूध लादीसारखं गोठवून विकायचे, असं ते सांगू लागले की माझी मेहुणी, म्हणजे ताई, शांतपणे म्हणायच्या, "मग म्हशीला काय तिथं करवतीनं पिळायचे व्हय?"

ताईंनी निजेवाडीचं सगळं सोसलं. दार सोसलं, जाम सोसला. एकच गोष्ट त्यांना सोसवत नसे, ती म्हणजे गालाक्का. गालिना हे तिचं नाव. त्या तेलाच्या शहरात कामगारांच्या भोजनगृहात ती स्वयंपाक करायची. साडूंपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून यांनी तिची गालाक्का केली होती. निजेवाडीत जे जे चांगलं, ते ते गालाक्काचं. सूप गालाक्काचं, लोकरीचे बूट गालाक्कानं दिलेले, उन्हाळ्यातल्या डासांवरचा उपाय गालाक्कानं सांगितलेला. नव्या वर्षाला तिचा फोन यायचा. दोघं दोन मिनिटं एकमेकांना नुसत्या नावानं हाका मारायचे, मोठमोठ्यानं हसायचे आणि फोन ठेवायचे. ताई माझ्या बायकोला म्हणायच्या, "आक्का म्हणं. रशियात कुठनं आल्या आक्का?" त्या हसत म्हणायच्या, पण हसणं ओठांच्या पुढं जात नसे. नवरा काही वर्षं परमुलखात राहून येतो आणि येताना अख्खं एक शहर बरोबर आणतो, ज्यात आपल्याला पाय ठेवायला जागा नाही, ही गोष्ट कुठल्याही बाईला बोचलीच असती.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास गोव्याला रशियन पर्यटकांची विमानं भरभरून यायला लागली होती. त्या हिवाळ्यात फोन आला तो गालाक्काच्या भाचीचा, आणि तो इंग्रजीत होता, म्हणून साडूंनी तो माझ्या हातात दिला. मावशी-भाची गोव्याला येताहेत, आणि मावशीचा हट्ट आहे की एक दिवस कोल्हापूरला जायचंच. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा साडूंच्या चेहऱ्यावर आनंद आणि घबराट यांची अशी कालवाकालव झाली, की मला वाटलं ते खाली बसतात. ते ताईंकडे बघत होते. ताईंनी पदर खोचला. "येऊ दे की," त्या म्हणाल्या. "बघू तरी."

पुढचे दिवस साडू ओढ्याच्या काठानं रशियन बोलत फिरायचे. मी दुभाषा म्हणून मदतीला यावं का, असं विचारलं तर दुखावले. "मी हाय की," म्हणाले. घराला रंग लागला. ताईंनी ठेवणीतली इरकली काढली आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा घाट घातला. मिरची कमी टाक, तिकडच्या माणसांना झेपत नाही, असं साडूंनी चारदा सांगितलं, आणि चारही वेळा ताईंनी ऐकून घेतलं. ठरलेल्या दिवशी साडू पहाटेच आजऱ्याला गेले आणि गोव्याकडून येणारी पाहुण्यांची टॅक्सी तिथं गाठून वाट दाखवत घेऊन आले.

गालाक्का उतरली. साठीची, भरदार, पांढऱ्या केसांची बाई, गोव्याच्या उन्हानं मिरचीसारखी लाल झालेली. गाडीत शेजारी बसून आली होती तरी दारात आल्यावर तिला बहुतेक पुन्हा भरून आलं. तिनं साडूंना असं मिठीत घेतलं की त्यांच्या चपला जमिनीवर राहिल्या आणि पाय वर आले. गल्ली बघत होती. ताई उंबऱ्यात हातात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो ओवाळून टाकला, पण जरा जोरात. मग साडूंनी घसा खाकरून, पाठ केलेलं स्वागताचं भाषण रशियनमध्ये केलं. गालाक्कानं डोकं तिरकं करून शेवटपर्यंत ऐकलं आणि भाचीला काहीतरी विचारलं. भाची माझ्या कानाशी येऊन इंग्रजीत म्हणाली, मावशी विचारतेय, ही त्यांची मातृभाषा का. ते मी कुणालाच सांगितलं नाही.

त्यामुळे दुभाष्याचं काम अखेर माझ्याकडे आलं. गालाक्का रशियनमध्ये बोलायची, भाची इंग्रजीत, मी मराठीत. पानं वाढली. ताईंनी चुलीवरची गरम भाकरी गालाक्काच्या ताटात टाकली. गालाक्कानं भाकरी दोन्ही हातांवर उचलून घेतली, उलटून पाहिली, वास घेतला. मग ती खाली ठेवून हवेतच दोन्ही तळवे एकमेकांवर थापटायला लागली, भाकरी थापतात तसे, आणि बोलायला लागली.

ती सांगत होती, की पहिल्या हिवाळ्यात हा माणूस बोलायचाच नाही. काम संपलं की भोजनगृहात यायचा, कोपऱ्यातल्या गरम नळ्यांना पाठ लावून बसायचा आणि रडायचा. ताट पुढं ठेवलं तर हात लावायचा नाही. बाहेर सूर्य जेमतेम पाच तासांपुरता यायचा, बाकी सगळा उजेड विहिरींवर जळणाऱ्या गॅसच्या मशालींचा. हा काही जगत नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि करार संपेपर्यंत परत पाठवायची सोय नव्हती. मग तिनं खुणेनं विचारलं, बाबा, तू तुझ्या गावी खातोस तरी काय. त्यानं असे तळवे थापटले. तिला वाटलं, ह्याला टाळ्या हव्यात. म्हणून सगळ्या स्वयंपाकिणींनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तो आणखीच रडला. खूप उशिरानं तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि ती पीठ मळायला लागली. तिकडच्या राय नावाच्या धान्याच्या पिठाची करून बघितली, ती चिकटली. गव्हाची केली, त्यानं मान हलवली. शेवटी तिकडं एक काळसर धान्य असतं, त्याच्या पिठाची थापली. जाड, वाकडी, एका बाजूनं करपलेली. ती त्यानं खाल्ली, सगळी खाल्ली, आणि पहिल्यांदाच तोंडातून एक शब्द काढला.

मग गालाक्का ताईंच्या भाकरीवर बोट ठेवून, प्रत्येक अक्षर सावकाश उच्चारत म्हणाली, "शालन."

शालन हे आमच्या ताईंचं नाव.

भाचीनं पुढचं सांगितलं, ते मी कसंबसं मराठीत आणलं. मावशीला वाटलं, ह्या भाकरीलाच ह्यांच्या देशात शालन म्हणतात. तेव्हापासून त्या भोजनगृहात ती पोळी त्याच नावानं व्हायची. हा माणूस परत गेल्यावरसुद्धा तेलविहिरींवरचे कामगार यायचे आणि म्हणायचे, आज शालन आहे का, दोन द्या.

साडू ताटातल्या रश्श्याकडे बघत होते. त्यांची मान इतकी खाली गेली होती की नुसतं टक्कल दिसत होतं. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीत छाती काढून हिंडल्याच्या गोष्टी आम्ही दहा वर्षं ऐकल्या होत्या. ही कधीच ऐकली नव्हती. ताई बराच वेळ चुलीसमोर पाठमोऱ्या बसून होत्या. मग वळून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "कधी बोलला न्हाईसा?"

"काय बोलायचं," साडू म्हणाले. "हितं समदी म्हणायची, परदेशात मजेत हाय. तुला बी तसंच वाटू दे म्हटलं."

ताईंनी पुढची भाकरी तव्यावरून काढली आणि गालाक्काच्या ताटात टाकली. मग तिच्या ताटातला लालभडक रस्सा बघून वर सायीचं दही घातलं. निघताना त्यांनी तिची ओटी भरली. नारळ, खण, आणि आजऱ्याहून आणलेले काजू. नारळ कुठं ठेवायचा ते गालाक्काला कळेना, म्हणून तिनं तो लहान मुलासारखा खांद्याशी धरला आणि तशीच गाडीत बसली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ताई रस्त्यात उभ्या होत्या. "माणूस चांगला हाय," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "भाकरी पातळ थापायला शिकवाय पायजे हुती."

पुढं साडूंचा पोवाडा बंद झाला असं नाही. तो थोडा आखूड झाला एवढंच, आणि गालाक्काचं नाव आलं की ताई मधूनच एखादी दुरुस्ती सुचवू लागल्या.

मग एका जानेवारीत मी दुपारचा गडमुडशिंगीला गेलो होतो, तेव्हा भाचीचा फोन आला. मावशी निवृत्त झाली होती. घर विकून दक्षिणेला, ऊन असलेल्या एका लहान गावात राहायला गेली होती. मी ते सांगितलं. साडू म्हणाले, तसंच असतं तिथं. "ते गाव म्हाताऱ्यांचं न्हाईच. काम हाय तंवर ऱ्हायाचं, मग ऊन हुडकत जायाचं." मग म्हणाले, "पावणं, आता तिथं मला वळखणारं कोण न्हाई."

ताई दारात बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातला सदरा झटकत त्यांनी विचारलं, "तिथं ओ, कापडं कशी वाळायची?"

साडूंनी मान वर केली. बाहेर दोरीवर टाकायची, ते सांगू लागले. जरा वेळात ती फळीसारखी ताठ व्हायची. सदरा काढून आणला की घडी व्हायची नाही, त्याला धरून आणून भिंतीला उभा करून ठेवायचा. मग खोलीच्या उबेनं तो हळूहळू मऊ पडायचा, आधी हात, मग खांदे, आणि दमलेल्या माणसागत तिथंच खाली बसायचा.

"आन तुमी?" ताईंनी विचारलं.

"मी बी," साडू म्हणाले, "त्येच्या शेजारी."