ओल्या टाकीचा मुहूर्त

"आत काय ठेवनार हायेस, ते आधी सांग. टाकीचं मंग बोलू."

कोणीही काम घेऊन आलं की मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच. दारव्ह्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. एकदा मी ॲल्युमिनियमच्या डब्यात लोणचं नेलं, तर डबा न्याहाळत म्हणाले, "काहून बावा, घरची बरणी फुटली काय?"

आमच्या कारखान्यात पेरणीच्या सरकीवरची लव ॲसिडने काढतात. मी तिथला स्टोअरकीपर. ॲसिडच्या टाकीसाठी मिस्त्रींनी साधं लोखंड निवडलं तेव्हा मी उडालोच.

"कडक ॲसिड लोखंडाले खात नाही," ते म्हणाले. "त्यात पानी गेलं का मंग खाते."

टाकीभोवती त्यांनी भिंतही बांधून घेतली. टाकी फुटलीच, तर सगळं ॲसिड त्या भिंतीच्या आत मावावं, एवढी उंच. टाकी तपासून, वाळवून ते घरी गेले.

दसऱ्याला आपण सगळेच काय करतो? यंत्रं धुतो, हार घालतो. मी नवी टाकीही आतून धुऊन घेतली. ॲसिडचा टँकर फाटकात आला होता. पूजेला आलेल्या मिस्त्रींनी शिडीवर चढून आत टॉर्च मारला.

"तळाशी पानी चमकून राह्यलं. भरू नका. यावर ॲसिड पडलं तं उसळून अंगावर येईन."

"मुहूर्त टळते, मिस्त्री," मालक तापले. "बाजूले व्हा, नाही तं दुसऱ्या टाकीचं काम विसरा."

"विसरलो. पन या मानसायचे डोळे गेले, तं ते कोन देईन?"

आणि ते टाकीच्या झाकणावर बसले. कोणी धुतली, हे त्यांनी विचारलं नाही. हातात हार धरलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलं, बस. मी गप्प राहिलो, याची अजून लाज वाटते.

टाकी कोरडी ठणठणीत झाल्यावरच भरली गेली. दुसरीचं काम मात्र मालकांनी खरंच बाहेरच्याला दिलं. ती गळायला लागली आणि भंगारात गेली.

मिस्त्री मागच्या वर्षी गेले. या उन्हाळ्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांच्या टाकीच्या पत्र्याची जाडी मोजली, पुन्हा मोजली. "पत्रा अजून दणकट आहे. कोणत्या कंपनीची टाकी?"

मालकांनी तपासणीचा फॉर्म साहेबांच्या हातून घेतला आणि मिस्त्रींचं नाव स्वतः लिहिलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. मग फॉर्म परत देत हळूच विचारलं, "साहेब, मले अजून एक टाकी बनवाची हाय. असा मानूस हाय काय कोठी?"