बसून खेळायचा खेळ

सर बोलता बोलता मधेच फरशीवर फतकल मारायचे अन् म्हणायचे, "इथून कसं दिसतं बघू." असा खेळाचा मास्तर तुम्ही पाहिलाय का? हर्सूलच्या आमच्या शाळेत तरी मी पहिल्यांदाच पाहिला. मी तिथला राखणदार. शिक्षण चौथी, पण फुलंब्री तालुक्यात कबड्डीतली माझी पकड कुणाला सुटली नाही, हेही लिहून ठेवतो.

सहावीत एक पोरगी होती. पायांत बळ नाही, कुबड्या घेऊन यायची. खेळाच्या तासाला तिचं काम ठरलेलं, बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. सरांना ते बघवेना. तिच्यासकट सगळा वर्ग खेळेल असा खेळ सापडेना, म्हणून ते नवाच रचायला बसले.

हॉलमध्ये पोरांच्या दोन ओळी समोरासमोर बसवल्या. उभं राहायचं नाही. चिंध्यांचा चेंडू हातानं फरशीवरून सरकवायचा. ज्याच्या बाजूनं तो निसटून मागं गेला, तो बाद.

मी म्हणालो, "सर, बसून भजन होतं, खेळ नाय होत."

"मामा, एकदा बसून तर बघा."

मी काही बसलो नाही. पण दारातून हललोही नाही.

एक चूक मात्र सरांनी मायेपोटी केली. या पोरीला बाद धरायचं नाही, असा नियम घातला. आता तुम्हीच सांगा, जी बादच होत नाही तिच्याकडं चेंडू कोण टाकणार? सगळा तास ती नुसती बसून. शेवटी बोललीच, "सर, मला बाद करा ना. मी काय इथला खांब हाय?"

सरांचा चेहरा उतरला. नियम तिथंच मोडला. पुढचा पहिलाच चेंडू तिच्या बाजूनं निसटला अन् पोरगी बाद. मला लई राग आला. हेच पाहिजे होतं का, असं सरांना तोंडावर विचारलं. त्यांनी नुसतं तिच्याकडं बोट केलं. पुढच्या डावात ती सगळी आडवी झाली अन् चेंडू छातीखाली दाबला. तशी पकड मी जवानीत मारायचो. मानायचं तर माना.

मग सरांची छावणीकडच्या शाळेत बदली झाली. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला ते हॉलच्या दारात आले. डाव ऐन भरात. कुणी मान वर केली नाही. चेंडूवरची नजर न हलवता ती पोरगी तेवढी म्हणाली, "सर, उजेड अडवू नका."

सर बाजूला झाले. डावावरची नजर काढून मी वळून पाहिलं, तर दारात नुसता उजेड होता.