आप्पांच्या भोजनालयातलं दादांचं भांडं

माई काल गेल्या. देवास गेटवरचं शेवटचं मराठी ताट त्यांच्याबरोबर गेलं.

आज सांगून खरं वाटणार नाही, पण बस स्टँडमागच्या त्या गल्लीत एकेकाळी नुसत्या वासावरून रस्ता सापडायचा.
आधी कचोरीची कढई. मग गोवऱ्यांवर भाजल्या जाणाऱ्या बाफल्यांचा, कणकेच्या गोळ्यांचा धूर. आणि टोकाला आप्पांचं भोजनालय, फोडणीत हिंग सढळ.

आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत आणि यात्रेकरूंचे लॉज.
मी अजूनही त्या टोकाशी आलो की हळू चालतो. आतून कुणीतरी "बैस रे" म्हणेल असं वाटतं.

आप्पा म्हणजे माईंचे वडील. एका सरदारांच्या मुदपाकखान्यात आचारी होते. संस्थानं विलीन झाली, सरदारांकडच्या पंगती थांबल्या, तेव्हा आप्पांनी देवास गेटवर चार टेबलं टाकली.
माईंनी लग्न केलं नाही. आप्पांच्या मागे भोजनालय त्यांनीच चालवलं.

मी खानदेशातल्या खेड्यातून बँकेच्या नोकरीला इथे मध्यप्रदेशात आलो आणि पहिल्याच दुपारी तिथे शिरलो. मे महिना. घशाला कोरड.

कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावर पितळेचं भांडं भरून ठेवलेलं होतं.
आमच्या गावात दारात आलेल्याला आधी पाणी देतात, नाव मग विचारतात. मला वाटलं, त्यासाठीच असेल. हात घातला.

वाढपी भेरूलालनं मनगटच धरलं.
"साब, ये नी. ये दादा का हे."
"कौन दादा?"
"आएंगे तो मिल लेना."

गल्ल्यावरून माई म्हणाल्या, "सोड रे त्याला, नवा आहे. आणि तू, बेटा, इकडे पंख्याखाली बैस. तिथे बसलास तर दादा येऊन तुझ्या मांडीवर बसेल."
सगळे हसले. मीही हसलो.
पुढचा महिनाभर दारातून आत येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे मी बघत होतो.

एका रविवारी गर्दी ओसरल्यावर माईंनी सगळं सांगितलं.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. सरकारी कचेरीत कारकून. नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि दादांची ट्रान्सफर निघाली.
माई तेव्हा परकरात. सामान बसच्या टपावर चढलं. खिडकीतून दादा म्हणाले, "छोटी, पाणी आण गं, जल्दी."

माई पळत आल्या. दादांचं नाव कोरलेलं भांडं काढलं.
प्रवासाला निघालेल्या माणसाला पितळेचं भांडं तसंच काळं कसं द्यायचं? म्हणून राखेनं घासलं, विसळलं, भरलं.
परत गेल्या तर बस निघून गेलेली.

दादा भोपाळच्या कचेरीत हजरच झाले नाहीत.
आप्पा देवास, आष्टा, सीहोर, बस थांबायची तिथे तिथे उतरून विचारून आले. माणूस मिळाला नाही.

"तेव्हापासून भरते," माई म्हणाल्या. "रोज ताजं. कुठून उतरला तर तहानलेलाच असेल ना रे."

पत्ता नसलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आप्पांनी तेही ठरवलं होतं. भैरवगढला, पितरांची कार्यं होतात त्या सिद्धवटाखाली पानं मांडून झाली होती.
माईंनी पुतळा बांधू दिला नाही.

मी रोज पूजा करणारा माणूस. एका पितृपक्षात न राहवून म्हणालो, "माई, दादांच्या नावानं तर्पण करू या. ते पाणी पोचतं."
"गेलेल्याला पोचतं. न गेलेल्याला कसं पोचेल?"


ही एक गोष्ट लिहावी की नाही, कळत नाही.
संध्याकाळी त्या भांड्यातलं पाणी कमी झालेलं असायचं.
"माई, उन्हाळा आहे. आटतं."
"कळतं रे मला. मग पलीकडच्या टेबलावरचं का नाही आटत?"
भेरूलालचा टेबल पुसणारा हात तेवढ्यापुरता थांबायचा.

पुढे भोजनालय बंद झालं. भेरूलाल गावी गेला. भांडं माईंच्या खोलीत आलं, रस्त्याकडच्या खिडकीत.

काल सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. पोचलो तेव्हा माईंचा आवाज गेला होता. ओठ तेवढे हलत होते. पाणी हवं होतं.
हाताशी तेच एक भांडं. मी उचललं.
माईंनी बोट हलवून नाही म्हटलं.

मी स्वयंपाकघरात धावलो. पेला विसळलासुद्धा नाही, तसाच भरला.
परत आलो तर माई गेल्या होत्या.

चक्रतीर्थाच्या स्मशानात अग्नी मीच दिला. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं होतं, दुसरं कोण देणार.

तिलांजलीच्या वेळी गुरुजी म्हणाले, "भावाचंही नाव घेऊन टाका. आता अडवणारं कोणी नाही. दोघांना एकदम गती मिळेल."

ओंजळीत पाणी होतं, तीळ होते. भांड्यावर इतकी वर्षं वाचलेलं नाव ओठांपर्यंत आलं होतं.

म्हटलं, "नको, गुरुजी. ते अजून यायचे आहेत."

भांडं आता माझ्या घरी आहे. देवघरात नाही ठेवलं, रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलं. आज सकाळी घासून ताजं भरलं.
 संध्याकाळी खिडकी लावताना बायकोनं एकदा भांड्यात डोकावून पाहिलं.
किती उरलंय, मी विचारलं नाही.

माई, मनापासून श्रद्धांजली.
फक्त तुम्हाला.