हलू नका, काका

मुलुंडच्या आमच्या बालवाडीतल्या पोरांना मी दरवर्षी एका छोट्या संग्रहालयात घेऊन जाते. तिथले पहारेकरी काका मूळचे मालवणकडचे. मूर्ती दिसायच्या आधी त्यांचा आवाजच कानावर येतो. "हात लावू नको गो! बाई, तुमची पोरां म्हणजे वानरसेना!" त्यांच्या मिशांना पोरं घाबरतात आणि काकांना ते मनातून आवडतं, असा माझा संशय आहे.

यंदा स्वरा बरोबर होती. तिने वर्गात वर्षभर कागदावर एक रेघही ओढली नव्हती. काका हात उगारून कुणालातरी दटावत होते, तेवढ्यात ती त्यांच्यासमोर फतकल मारून बसली आणि कागदावर रंगीत खडूने त्यांचंच चित्र काढू लागली. काका वळले तशी ओरडली, "हलू नका ना!"

काका उगारलेल्या हातानिशी तसेच थांबले. संग्रहालयाच्या साहेबांनी दारातून हाक मारली, तर ओठ न हलवता म्हणाले, "साहेब, पोरीचां काम पुरां होऊ दे."

दहा मिनिटांनी स्वराने कागद त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो बराच वेळ निरखला.

"कान जरा मोठे झाले गो," ते म्हणाले, "पण मीच आसंय."