कासिल्दा मावशीची सहल

बेनालूरला मी आठवड्यातून दोनदा माणसं घेऊन येतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. सेविया शहरातून सकाळी आठला निघालेली बस साडेदहाला आमच्या गावच्या चौकात लागते. मग मी पिवळी छत्री उंच धरून चाळीस पाहुण्यांना चढावरून किल्ल्यापर्यंत नेतो. माझा जन्म याच गावचा. ज्या गल्लीत शेंबडा असताना मी लोकांच्या मांजरींना दगड मारत फिरलो, तीच गल्ली आता दाखवतो आणि त्यावर माझं पोट चालतं. त्याची लाज वाटावी असं काही मी गेल्या वर्षापर्यंत केलेलं नव्हतं.

गल्लीत तेवीस घरं. बावीस पांढरीशुभ्र आणि एक कळकट. ते कासिल्दा मावशीचं.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर भिंतीला चुना लावत नाहीत. वर्ष सरलं की घरची बाई स्वतः कुंचला हातात घेते आणि मग शेजारीपाजारी मदतीला येतात. मावशीचा मुलगा दामियान जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी तिने भिंतीला कुणाला हात लावू दिला नव्हता. दामियानचा धंदाच चुना लावायचा. एकोणतीस वर्षांचा, उंच, शिट्टी वाजवत काम करणारा. दर मे महिन्यात पहिली भिंत आईची, मग गावाची. त्या वर्षी त्याने आईचं घर उरकलं आणि दुसऱ्या दिवशी चुन्याची दोन पोती मोपेडवर बांधून घाट चढताना तिसऱ्या वळणावर अपघातात गेला. पोती फुटली होती. आठवडाभर तिथला रस्ता पांढरा होता आणि माझी बस त्यावरून दोनदा गेली.

मावशी चारचौघांत रडताना कुणी पाहिली नाही. काळे कपडे घालून ती दाराच्या डाव्या बाजूला उंच पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून बसायची आणि दगडाने बदाम फोडायची. सावली उजवीकडे असली तरी डावीकडेच. मला वाटायचं, म्हातारं माणूस, सवय लागली असेल.

माझे पाहुणे विचारायचेच, हे एकच घर असं का? सुरुवातीला मी खरं सांगत असे. मग एके दिवशी एक बाई ते ऐकून मावशीच्या गळ्यातच पडली. मावशीने तिला हाताने हळूच बाजूला केलं आणि विचारलं, "तुझं कोण गेलं गं?" बाईला भाषा कळली नाही. ती मावशीचा फोटो काढून निघून गेली. त्या दिवसापासून मी त्या घराबद्दल थापा मारायला लागलो.

मावशीला माझं इंग्रजी कळत नसे, पण पाहुण्यांचे चेहरे कळत. घोळका पुढे सरकला की ती मला थांबवायची.

"आज काय सांगितलंस?"

"आज इथे एका सरदाराची बायको राहायची. नवऱ्यावर रुसून आली होती."

"या घरात? संडास अंगणात आहे म्हणून सांगितलंस का तिला?"

"ते राहिलं."

"मग कसला रे तू गाईड, अमादोर! आणि मागच्या शुक्रवारचा दरोडेखोर कुठे गेला?"

"त्याला फाशी दिली, मावशी."

"बरा होता बिचारा. परत आण त्याला." एवढं बोलून ती माझ्या हातावर चार बदाम ठेवायची. मला उशीर होत असे, तरी मी ते तिच्यासमोरच खायचो.

कधी कधी म्हणायची, "मेल्या, परक्यांना गावंच्या गावं दाखवतोस आणि मला अजून घाटापलीकडचं काही ठाऊक नाही." ते खरं होतं. अडुसष्ट वर्षांत ती एकदाच घाट उतरली होती, शहरातल्या इस्पितळात दामियानला ओळखायला.

गेल्या वसंतात आमच्या कंपनीत नवे साहेब आले. पाहुण्यांनी लिहिलेले शेरे त्यांनी माझ्यापुढे टाकले. गाव सुंदर आहे पण गल्लीत एक पडकं घर आहे, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. साहेब म्हणाले, उन्हाळ्यापासून बेनालूर वगळू, तसंही तिथे बस वळवायला जागा नाही. मी हे गावात सांगितलं आणि गावाचा चेहरा उतरला. आमच्याकडे ऑलिव्ह आणि बस, एवढंच आहे, आणि ऑलिव्ह काही रोज येत नाहीत.

सरपंचबाई दोनदा मावशीकडे जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला चौकातल्या खानावळीची आरासेलीही सोबत होती. मावशी म्हणाली, "माझी भिंत माझ्या दारात आहे, तुमच्या ताटात नाही." दोघी हात हलवत परत आल्या. त्या दिवशी खानावळीत बसलो असताना मीच म्हणालो, "एक दिवस ती गावात नसली तर?" कुणी मला भरीला पाडलं नव्हतं. मला वाटलं, झालेलं दिसल्यावर चार दिवस रागावेल, मग विसरेल.

मेमधल्या एका शुक्रवारी मी तिला पाहुण्यांबरोबर पुढच्या दोन गावांच्या सहलीला नेलं.

ती चौकात आली तेव्हा काळ्या कपड्यांवर गडद निळा रुमाल होता. सहा वर्षांत अंगावर पहिला रंग. हातात फडक्यात बांधलेला बटाट्याचा आम्लेट-पाव, का, तर "परक्या गावी काय देतील कुणास ठाऊक." ड्रायव्हर फेर्मिनने तिला पुढची जागा दिली. बस घाटाला लागली. तिसरं वळण आलं तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. हाताने छातीवर क्रूसाची खूण केली आणि बाहेर बघत राहिली.

पहिल्या गावात जुना पूल आहे, खाली खोल दरी. पाहुणे कठड्याला चिकटले. मावशीने एकदाच वाकून बघितलं.

"एवढं खाली बघायला एवढ्या लांब यायचं? आमच्याकडेही सगळं खालीच आहे की."

मी ते इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले, आणि आपल्या बोलण्याला चाळीस माणसं हसतात हे बघून ती लाजली. नंतर दिवसभर तिला चेव आला होता. कोपऱ्याकोपऱ्यावर काहीतरी बोलायची आणि मला ढोसायची, "सांग ना त्यांना!" मी सांगत होतो. मनात घड्याळ बघत होतो. आता शिड्या लागल्या असतील. आता पहिला हात झाला असेल.

दुसऱ्या गावातल्या मठात जोगिणी, म्हणजे नन, मिठाई विकतात, पण परक्यांना दिसत नाहीत. भिंतीत फिरता लाकडी खण असतो. आपण पैसे ठेवायचे, खण फिरतो, डबा येतो. मावशी खणाला तोंड लावून पलीकडच्या आवाजाशी बोलत बसली. मागे रांग लागली. मला दोनदा खाकरावं लागलं.

"काय एवढं बोलत होतीस?"

"सांगते नंतर. घाई कसली तुला?"

निघायच्या आधी अर्धा तास मोकळा असतो. ती कुठे दिसेना. मी शोधत गेलो तर लोखंडी सामानाच्या दुकानातून बाहेर येत होती, काखेत एक नवा, जाड, गोल कुंचला. चुन्याचा.

"हे कशाला, मावशी?"

ती तडक बसकडे निघाली. बसल्यावर कुंचला मांडीवर ठेवला.

"त्या जोगिणीने विचारलं, मिठाई कुणासाठी नेताय? माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्या मुलासाठी. ती म्हणाली, देव त्याला सुखी ठेवो. मी म्हटलं, ठेवलाय. आणि बघ, घसा दाटला नाही माझा. सहा वर्षांत पहिल्यांदा." ती कुंचल्याचे केस बोटांनी मोकळे करत होती. "सोमवारी मी भिंतीला चुना लावणार. घर कळकटलंय ते मलाही दिसतं रे, आंधळी नाही मी. तेवढी वीतभर जागा सोडून."

"कुठली जागा?"

"चौकटीवरचा कोपरा लांब पडतो ना, म्हणून दामियान डावा हात भिंतीला टेकवून उजव्याने कुंचला मारायचा. शेवटी तो ठसा पुसून टाकायचा, दरवर्षी. त्या वर्षी मीच हाक मारली. म्हटलं, जेवण गार होतंय, आधी ये. तो आला. मग ते राहूनच गेलं." तिने आपला डावा पंजा उघडून मला दाखवला. "पाची बोटं आहेत. ओल्या चुन्यात नीट उठलीत. मी खुर्ची लावते ना, ती त्यासाठीच. नाहीतर तुझे लोक त्याचाही फोटो काढतील."

मी उठलो. फेर्मिनला म्हटलं, थांब जरा, आणि खाली उतरून आरासेलीला फोन लावला. "दाराच्या डाव्या बाजूला अजून लावला नाही ना?"

"अरे, एक वाजताच संपलं सगळं!" ती आनंदाने ओरडली. "दोन हात मारलेत. खुर्चीसुद्धा धुऊन ठेवली."

मी बसमध्ये परत आलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. दीड तासाचा रस्ता होता आणि ती माझ्याशेजारी होती. पण ती निळा रुमाल सोडून पुन्हा बांधत होती, पाहुण्यांपैकी एकीला खुणेने आपलं वय सांगत होती. मी भित्रा माणूस आहे. बेनालूर येईपर्यंत मी माइकवरून ऑलिव्हच्या झाडांबद्दल बोलत राहिलो.

गल्लीत अर्धं गाव जमलं होतं. आम्ही चढून आलो तशा टाळ्या वाजल्या. घर असं पांढरं होतं की उतरत्या उन्हातही डोळे दिपत होते. धुतलेली खुर्ची उजव्या बाजूला वाळत ठेवली होती.

मावशी थांबली. मग दाराच्या डाव्या बाजूला गेली आणि तिने भिंतीवर पंजा ठेवला, नेमक्या जागी. बराच वेळ ठेवला. काढला तेव्हा हात पांढरा झाला होता. टाळ्या कधीच्या थांबल्या होत्या, काहीतरी चुकलंय एवढं लोकांना कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

ती वळली. "छान झालंय," म्हणाली. "दमला असाल सगळे." आणि जोगिणींचा डबा उघडून तिने एकेकाच्या हातावर मिठाई ठेवली. सरपंचबाईंच्या, आरासेलीच्या, शिडी धरणाऱ्यांच्या. सर्वात शेवटी माझ्या.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मघाशी फोन केलास तेव्हा कळलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "नाही, मावशी. आधीपासून. मीच सुचवलं."

तिने मान हलवली. कुंचला माझ्या काखेत खोचला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

लोक पांगले. मी फेर्मिनला बस घेऊन पुढे जायला सांगितलं आणि खिशातली किल्ली काढून भिंत खरवडायला लागलो. वाटलं, वरचा थर हळूच निघेल. पण चुना चुन्याला धरतो. बोटभर पापुद्रा सुटला तो पार मातीपर्यंत, नवा-जुना एकत्र. दुसऱ्यांदा किल्ली लावली तेव्हा आतून आवाज आला, दाराच्या अगदी मागून.

"अमादोर, राहू दे. आत आहे तो अजून. खरवडलंस तर तोही जाईल."

मी तिथेच पायरीवर बसून रडलो. दार उघडलं नाही.

बस अजून येते. बेनालूर यादीत राहिलं, साहेब खूश आहेत. मावशी इतर दिवशी बाहेर बसते म्हणे, त्याच डाव्या बाजूला. मंगळवारी आणि शुक्रवारी दार बंद असतं. त्या घराबद्दल आता कुणीच काही विचारत नाही. तरी मी तिथे थांबतो आणि थापा न मारता दामियानचं सांगतो. पाहुणे नम्रपणे ऐकतात, मग इकडेतिकडे बघतात, कारण तेवीस घरांतलं कुठलं ते त्यांना कळत नाही. मला छत्रीने दाखवावं लागतं.

घोळका पुढे गेला की मी दारापाशी जातो. "मावशी, आज दामियानचं सांगितलं," म्हणतो. आत दगडाने बदाम फोडल्याचा आवाज चालू असतो, तो थांबतो. मी थोडा वेळ उभा राहतो. मग चढ चढायला लागलो की मागे पुन्हा सुरू होतो.